‘डीडी मारा, डिस्क लावा, चालू करा’ : अर्धवट खरा मेसेज

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शिक्षकांच्या आणि डीटीपीवाल्यांच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय: ‘लिनक्सला विंडोजसारखे नखरे नाहीत. चालू पीसीची डिस्क डीडीच्या एका कमांडने कॉपी करा, कुठल्याही पीसीला लावा, काही न करता सुरू होते. अशा हव्या तेवढ्या डिस्क काढा.’

डीडी म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल, म्हणजे क्लोन, काढणारी लिनक्सची कमांड. मोह पडणारच. आपल्याकडे एक मशीन तयार करायचं म्हणजे मराठी आणि कन्नड दोन्ही कीबोर्ड, दोन्ही लिप्यांचे फॉन्ट, वर प्रिंटर. प्रश्नपत्रिका मराठीत, सरकारी पत्रव्यवहार कन्नडात. हे सगळं लॅबमधल्या प्रत्येक पीसीवर पुन्हा कोण करत बसणार? म्हणून क्लोनिंग करावंच. पण मेसेजमध्ये सांगितलंय तसं नाही.

‘चालू पीसीची डिस्क’ इथेच पहिली चूक आहे. डीडी डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटपर्यंत वाचत जातो, त्याला तास-तास लागतात. तेवढ्या वेळात सिस्टम लिहीतच असते. मग कॉपीत काही भाग सकाळचा, काही दुपारचा, आणि फाईल सिस्टम विस्कटलेली. पीसी लाईव्ह पेनड्राईव्हवरून (ज्यावरूनच लिनक्स चालतं, आतल्या डिस्कवरून नाही) सुरू करायचा, मगच कॉपी. डीडी रिकामी जागाही उचलतो. क्लोनझिला हा क्लोनिंगचा प्रोग्राम डिस्कचे वापरलेलेच ब्लॉक घेतो, म्हणून माझं मत क्लोनझिलाला. शिवाय डीडीत इनपुट-आउटपुटची अदलाबदल झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर चढते, आणि तो एका शब्दाने विचारत नाही.

‘कुठल्याही पीसीला’ हे बऱ्यापैकी खरं आहे. बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासोबतच येतात. पण बूट होताना आधी इनिटरॅमएफएस, म्हणजे सुरुवातीपुरते ड्रायव्हर असलेला छोटा संच, लोड होतो. डेबियन-उबंटू हे लिनक्सचे प्रकार त्यात सर्वसाधारणपणे लागणारे बहुतेक ड्रायव्हर भरतात; फेडोरा हा प्रकार मात्र त्या मशीनपुरतेच. साटा डिस्कवरची फेडोरा एनव्हीएमई या वेगळ्या जोडणीच्या डिस्कवर नेली की रूट (मुख्य) डिस्क सापडत नाही म्हणून अडकू शकते. बूट मेनूतली रेस्क्यू नोंद निवडून आत जायचं आणि ड्राकट या कमांडने इनिटरॅमएफएस पुन्हा बनवायचा. ६४ बिटची सिस्टम ३२ बिटच्या जुन्या प्रोसेसरवर मात्र कशीच चालणार नाही.

‘काही न करता सुरू होते’ यावर लोक सगळ्यात जास्त अडकतात. यूईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीच्या बायोसच्या, मशीनमध्ये कुठली फाईल बूट करायची ही नोंद मदरबोर्डवरच्या मेमरीत असते, डिस्कवर नाही. ती क्लोनबरोबर येतच नाही. डिस्कवरच्या ईएफआय विभागात ठरलेल्या जागी पर्यायी बूट फाईल असेल तर निभावतं, नाहीतर स्क्रीनवर ‘बूट डिव्हाईस नाही’. मग लाईव्ह पेनड्राईव्ह लावून ईएफआयबूटएमजीआर या कमांडने नोंद घालायची. मूळ पीसी जुना, लेगसी बायोसचा असेल तर काम आणखी वाढतं. बऱ्याच नव्या मशीनांत लेगसी मोडच नसतो. ईएफआय विभाग तयार करून ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम, नव्याने बसवावा लागतो. सेकंडहँड पीसी घेणाऱ्यांनी हे खरेदीआधीच बघावं.

‘हव्या तेवढ्या’ हा तर सगळ्यात वाईट सल्ला. प्रत्येक सिस्टमला एक मशीन आयडी असतो, क्लोनमध्ये तोही जसाच्या तसा येतो. उबंटू सर्व्हरसारख्या सिस्टमवर डीएचसीपीला (राऊटरवरच्या आयपी वाटणाऱ्या सेवेला) ओळख सांगताना हाच आयडी आधाराला असतो. दोन पीसी एकच ओळख सांगतात, राऊटर दोघांना एकच आयपी देतो. मग नेट येतं-जातं, आणि दोष जातो केबलला, स्विचला, नाहीतर खानापूरच्या पावसाला! एसएसएचच्या (दुसऱ्या पीसीवरून लॉगिन करण्याच्या सोयीच्या) होस्ट किल्ल्या, म्हणजे मशीनची ओळख पटवणाऱ्या फाईलीही, सगळीकडे त्याच राहतात. म्हणून मास्टर कॉपी काढण्याआधी मशीन आयडीची फाईल रिकामी करावी, पुढच्या बूटला सिस्टम नवा आयडी बनवते. होस्ट किल्ल्या आणि होस्टनेम (पीसीचं नाव) प्रत्येक मशीनवर बदलावं. स्थिर आयपी दिला असेल तर नेटवर्क कार्डाचं नावही तपासावं. एका पीसीवर ईएनपी३एस० असलेलं दुसऱ्यावर वेगळं निघू शकतं.

मेसेजमध्ये नसलेली आणखी एक गोष्ट: क्लोन झाल्यावर मूळ डिस्क काढल्याशिवाय तोच पीसी सुरू करू नका. दोन्हींचा यूयूआयडी (विभागाचा ओळख क्रमांक) सारखा असतो, आणि एफस्टॅब या माउंट करायच्या विभागांच्या यादीत त्याच यूयूआयडीवरून विभाग शोधला जातो. कुठली डिस्क माउंट होईल याचा नेम नाही. एक्सएफएस ही फाईल सिस्टम निदान दुसरी माउंट करायला नकार देते. बीटीआरएफएस या फाईल सिस्टमवर मात्र डेटा खराब होण्याचा धोका आहे.