दाखल्याची खिडकी

धानोऱ्याकडच्या आमच्या गावातून परवा काकांचा फोन आला. चुलतबहिणीचा उत्पन्नाचा दाखला निघाला, तोही पोलीस मदत केंद्राच्या खिडकीतून. मी विचारलं, तलाठी कुठं गेला? "त्याच्या मांगं कोण फिरते, बाबू? सायेब राहते गडचिरोलीले. पोलीस बरे, चोवीस तास जाग्यावर."

‘पोलीस दादालोरा खिडकी’ ही गडचिरोली पोलिसांची योजना. लोकांची सोय झाली, हे खरंच आहे. तरी उत्तर आयर्लंडच्या बेलफास्टात बसून ऐकताना मला ते टोचलं.

2025 च्या ऑक्टोबरात माओवाद्यांचा बडा नेता भूपतीने मुख्यमंत्र्यांसमोर बंदूक खाली ठेवली. तेव्हापासून आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच जप: नक्षलवाद संपला, आता रस्ते, खाणी, टॉवर. मुलकी खुर्चीत कोण बसणार, हे कोणी विचारत नाही.

इथे कॅथलिक-प्रोटेस्टंटांचा जुना रक्तरंजित संघर्ष 1998 च्या गुड फ्रायडे कराराने थांबवला, त्यानंतर भांडणं पेटली ती खुर्च्यांवरूनही. पोलिसांत कॅथलिक जेमतेम 8 टक्के. म्हणून 2001 पासून दहा वर्षं निम्मी भरती कॅथलिकांची. प्रोटेस्टंट पोरं चिडली. 2014 च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने आपल्याकडे अनुसूचित क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक, शिक्षकांची पदं स्थानिक आदिवासींसाठी राखली, तेव्हा माझे ओबीसी मित्र असेच चिडले होते. राग दोन्हीकडचा खराच. पण इथला आकडा 30 टक्क्यांच्या आसपास पोचला आणि 2011 मध्ये ती अट उठली. आजही नोकरीच्या अर्जासोबत कागद येतो: तुम्ही प्रोटेस्टंट समाजातले, कॅथलिक, की दोन्हींतले नाही? जातीच्या दाखल्यासाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवलेला मी, तिसऱ्या चौकटीत खूण करताना एकटाच हसलो.

इथलं सगळं गोड नाही. 26 स्थानिक कौन्सिलांच्या (आपल्या नगरपालिकांसारख्या) 11 करायला 2015 उजाडलं. 2017 ते 2020 तर मंत्रीच नव्हते, फायली अधिकारीच हलवत होते. पण माझ्या मुलीच्या जन्माची नोंद झाली ती कौन्सिलच्या कार्यालयात. टेबलामागे एक बाई, खिडकीत एक सुकलेली कुंडी. गणवेश कुठेच नाही.

आपल्याकडे करार नाही, शरणागती आहे. करारात समोरच्याच्या अटी कागदावर उतरतात, शरणागतीत उतरत नाहीत. पण कागद आपल्याकडे आधीपासून आहेत: आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणारा 1996 चा पेसा, 2006 चा वनहक्क कायदा. 2011 मध्ये आमच्याच धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावात बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक वनखात्याकडून ग्रामसभेच्या हाती आलं. पुस्तक तेच, धरणारा हात बदलला. दाखल्याची खिडकीही अशीच मदत केंद्रातून उचलून ग्रामपंचायतीत न्यावी आणि एकस्तर वेतन (अशा भागातल्या नोकरीसाठी मिळणारा एक पायरी वरचा पगार) घेणाऱ्या कर्मचाऱ्याने गावातच मुक्काम करावा. पोलीस चांगले वागतात म्हणून तर आत्ताच न्यावी. उद्याचा ठाणेदार कसा निघेल, कोणी सांगावं?

हे सगळं मी काकांना ऐकवलं. ते थोडा वेळ गप्प राहिले.

"तलाठ्याची खोली बांधली हाये ना सरकारनं," ते म्हणाले. "धानाची पोती भरून हायेत तिच्यात. आपलीच."