किती केसरी काढले?

आमच्या तालमीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या आठवड्यात जी वादावादी सुरू झालीये ती अजून संपली नाहीये, आणि इथं शिकागोत ड्राइव्हवेवरचा बर्फ काढता काढता मी मनातल्या मनात एकेकाला उत्तरं देतोय. बायको म्हणाली फावडं ठेव आणि लिहून टाक एकदाचं. म्हणून हे.

विषय साधा होता. चैत्रात गावची जत्रा, जत्रेत कुस्त्यांचं मैदान, आणि मैदान रंगात आलं की दरवर्षी मध्येच तासभर सत्कार चालतात, आमदार, माजी आमदार, कारखान्याचे डायरेक्टर, मंडपवाले, आणि तोवर पुढच्या जोडीची पोरं लंगोट कसून उन्हात बसलेली. यंदा आमच्यातलाच एकजण, आता शाळेत मास्तर आहे, माझ्याबरोबर मेहनत करायचा, त्यानं सुचवलं की ह्या वेळी नेत्यांना फाटा देऊ आणि आपले वस्ताद आणि पंचक्रोशीतले तीन म्हातारे पंच, ज्यांनी तीस-पस्तीस वर्षं मैदानं सांभाळली, त्यांचा जीवनगौरव करू. मला वाटलं चार अंगठे येतील, हात जोडलेले येतील, विषय संपेल. तर पहिलाच रिप्लाय, "वस्तादांबद्दल आदर आहे, पण त्यांनी किती केसरी काढले?" म्हणजे महाराष्ट्र केसरी जिंकणारे किती पैलवान घडवले. आणि त्याच्याखाली दुसरा, "पंचांचा सत्कार अहिल्यानगर स्टाईल करूया." त्यावर हसणारी तोंडं.

अहिल्यानगर म्हणजे २०२५ च्या फेब्रुवारीतली महाराष्ट्र केसरी. पृथ्वीराज मोहोळ आणि शिवराज राक्षेच्या कुस्तीत पंचांनी राक्षेला चितपट दिला, राक्षेचं म्हणणं पाठ टेकलीच नव्हती, आणि त्यानं पंचाची कॉलर धरून लाथ घातली. फायनलला महेंद्र गायकवाडही निर्णयावर चिडून मॅट सोडून गेला, मोहोळला गदा मिळाली आणि राक्षे-गायकवाड दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी. पाठ टेकली होती का नव्हती ह्यावर व्हिडिओ थांबवून थांबवून लोकांनी जेवढी चर्चा केली तेवढी दहावीच्या पेपरफुटीवर केली नसेल. मी पण बघितला तो, दहा वेळा तरी. माझं मत मी सांगणार नाही कारण मुद्दा तो नाहीये. पंच चुकला असेल, पंच चुकतात, पण पंचाला लाथ घातली ह्याचा आपल्याकडं विनोद होतो आणि तो विनोद पस्तीस वर्षं चहावर आणि एसटीच्या भाड्यावर मैदानं केलेल्या म्हाताऱ्यांच्या नावापुढं लिहिला जातो, ते माझ्या डोक्यात गेलं.

आता मी काय बघून आलो ते सांगतो. (हो, आला शिकागोवाला अक्कल शिकवायला. ऐका तरी.)

माझी मुलगी हायस्कूलच्या टीममध्ये कुस्ती खेळते. तिच्या कोचबरोबर बूस्टर क्लबच्या, म्हणजे टीमला मदत करणाऱ्या पालकांच्या क्लबच्या, टेबलवर मी मागच्या वर्षी एका जेवणाला गेलो होतो. ओक्लाहोमात स्टिलवॉटरला १९७६ पासून ह्यांचं राष्ट्रीय कुस्ती हॉल ऑफ फेम आहे, राज्याराज्यात त्याच्या शाखा आहेत, आणि शाखा जो सन्मान देतात त्याचं नावच 'लाईफटाईम सर्व्हिस टू रेसलिंग'. सर्व्हिस म्हणजे सेवा. कोच, पंच, टेबलवर बसून वर्षानुवर्षं टाइम आणि स्कोअर लिहिणारे, सगळे त्यात. हॉल मोठा, चिकन वाळकं, भाषणं लांब, म्हणजे तेवढं अगदी आपल्यासारखं.

तर त्यात एक पंच होता, चाळीसच्या वर सीझन केलेला, एका कानानं ऐकू कमी, चालताना गुडघा ओढत होता. सूत्रसंचालकानं माईकवर सांगितलं की ज्यांची ज्यांची मॅच ह्या माणसानं कधी केलीये त्यांनी उभं राहा. अर्धा हॉल उभा राहिला. टकले, पोटं सुटलेले, दोन तर त्याच रात्री कोच म्हणून सन्मान घ्यायला आलेले. आणि मागच्या टेबलावरून एकजण ओरडला, "माझे खांदे टेकले नव्हते!" हॉल फुटला हसून. म्हातारा कानाला हात लावून काय काय विचारत होता, कुणीतरी त्याच्या चांगल्या कानात सांगितलं, तर तो लगेच वाकला, टेबलावर पंजा आपटला आणि बोट दाखवलं त्याच्याकडं, म्हणजे टेकले होते, अजूनही टेकलेच होते. ओरडणारा माणूस पन्नाशीचा तरी होता. राग काही गेला नव्हता त्याचा, पण उभा राहिला होता.

हे मी ग्रुपवर लिहिलं, जरा लांबच लिहिलं. आणि लिहिताना एक गोष्ट गाळली, ती खाली सांगतो.

आधी "किती केसरी काढले" ह्याचं बघू, कारण तो प्रश्न जात नाहीये डोक्यातून. पहिलं म्हणजे कुठले केसरी? २०२३ च्या नोव्हेंबरात एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले, एक फुलगावला आणि एक धाराशिवला, कुस्तीगीर संघाचे वेगळे, कुस्तीगीर परिषदेचे वेगळे, दोन भांडणाऱ्या संघटना, एकीकडं सिकंदर शेख दुसरीकडं राक्षे. पोरं दोन्हीकडची मेहनत करूनच आली होती, त्यांना काय बोलायचं, पण मग वस्तादाच्या नावावर अर्धा केसरी धरायचा का पाऊण?

दुसरं, हा प्रश्न ग्रुपवरच्या पोरानं शोधलेला नाही, सरकार पण हेच विचारतं. कोचना मिळणाऱ्या द्रोणाचार्य पुरस्काराला मार्क असतात ते शिष्यांच्या मेडलचे. हा पुरस्कार १९८५ साली सुरू झाला तेव्हा पहिल्याच वर्षीच्या तिघांत कुस्तीचे भालचंद्र भागवत होते, आपले मराठी. ग्रुपवर विचारलं कुणाला माहीतीये का. आमच्या मास्तरला फक्त. २००६ ला हरिश्चंद्र बिराजदार मामांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला, ते मात्र सगळ्यांना माहीत, कारण गोकुळ वस्ताद तालमीतनं निघालेली नावं सगळ्यांना पाठ आहेत. असे वस्ताद किती असतात हो? बाकीचे हजार वस्ताद काय करतात तर एका पिढीतली शंभर पोरं चार वर्षं दारूच्या गुत्त्यापासून लांब ठेवतात आणि त्यातला एक तालुक्याला जातो. खाशाबा जाधवांचं १९५२ चं ब्राँझ आपण सारखं सांगतो, पण हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकलं होतं, सात हजारांना. त्यांनी किती केसरी काढले?

(खाशाबांवरून आठवलं. मागच्या उन्हाळ्यात आयोवात वॉटर्लूला डॅन गेबल ह्या इथल्या नामांकित पैलवानाच्या नावाचं कुस्तीचं म्युझियम बघायला गेलो. तिथंच आयोवाचं स्वतःचं हॉल ऑफ फेम, ग्लेन ब्रँडच्या नावाचं. हा ब्रँड १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला गोल्ड जिंकलेला. आणि त्याच लंडनला आपले खाशाबा सहावे आले होते. म्हणजे एकाच छताखाली वजन केलं असेल दोघांनी. मी मुलीला हे सांगताना इतका मोठ्यानं बोलत होतो की काउंटरवरची बाई बघायला लागली.)

आता आमचे वस्ताद. नाव लिहित नाही, त्यांना आवडणार नाही. साखर कारखान्यात रात्रपाळीला वॉचमन. ड्युटी संपायच्या आधी तासभर कुणाला तरी बसवून साडेचारला तालमीत यायचे, हौद्यातली माती स्वतः खोऱ्यानं ओढायचे, ताक, तेल, हळद, लिंबू पडायचं त्यात, आणि तो वास, मला अजून कुठं हळदीचा डबा उघडला की क्षणभर थंडी वाजते. मातीत उतरायच्या आधी प्रत्येकाची बोटं धरून स्वतःच्या दंडावर ओढून बघायचे. ओरखडा उठला की घरी, नखं काढून या. त्यांच्या डाव्या दंडावर कायम पांढऱ्या रेघा असायच्या, आमच्या. इथं पहिल्यांदा मुलीच्या मीटला गेलो तेव्हा स्किन चेकला, म्हणजे कुस्तीआधी कातडी-नखं तपासतात तेव्हा, पंच पोरींच्या बोटांवरून अंगठा फिरवत होता आणि मी जिमच्या दारात पॉपकॉर्न घेऊन उभा, मला एकदम काहीतरी झालं. कुणाला सांगणार? शेजारच्या बापाला म्हणलं, गरम होतंय ना आत.

मी कसला पैलवान, खरं सांगायचं तर. नारळावरच्या कुस्तीपासून सुरू केलं ते पाचशे रुपये इनामाच्या जोडीपर्यंत पोचलो, दोनदा, आणि दोन्ही वेळा पाठ माझी. बारावीनंतर इंजिनिअरिंगला पुण्याला आलो तेव्हा वस्ताद म्हणाले तिथं पण तालमी हायत, जात जा. गेलो नाही. हॉस्टेल, मग कॅम्पस, मग बेंगळुरू, मग इथं. आता इन्शुरन्स कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो. वस्तादांच्या हिशोबात मी कुठल्या कॉलमात बसतो माहीत नाही.

आता गाळलेली गोष्ट. ग्रुपवर मी अमेरिकेत पंचांना कसा मान आहे ह्याचा निबंध टाकल्यावर मास्तरनं, ज्याची बाजू मी घेत होतो त्यानंच, शांतपणे एक बातमी शोधून टाकली. इथल्या हायस्कूल फेडरेशनचा आकडा, २०१८-१९ नंतरच्या तीनेक वर्षांत सगळ्या खेळांचे मिळून ५० हजारांच्या आसपास पंच काम सोडून गेले. कोव्हिड होता मध्ये, पण मोठं कारण पालकांच्या शिव्या. खाली मास्तरनं लिहिलं, "भाऊ, हे पण तिकडचंच ना?"

तिकडचंच. आणि त्या शिव्या देणाऱ्या पालकांत मी होतो. दोन वर्षांपूर्वी मुलगी टेकडाउन घेताना काठावर होती, पंचानं आउट ऑफ बाउंड्स दिलं, वीसएक वर्षांचं पोरगं असेल ते, मनगटाच्या लाल-हिरव्या पट्ट्या पण सैल होत होत्या त्याला, आणि मी ब्लीचर्सवर उभा राहून जे बोललो त्यातलं अर्धं मराठीत होतं म्हणून वाचलो. उरलेल्या अर्ध्यासाठी शाळेच्या माणसानं येऊन मला सांगितलं सर, प्लीज पार्किंग लॉटमध्ये थांबा. फेब्रुवारीतला पार्किंग लॉट. पाऊण तास गाडीत बसलो. मुलगी परत आली, मागच्या सीटवर बसली, पुढं नाही. घरापर्यंत बोलली नाही. लाथ घातली नव्हती मी, एवढंच.

मास्तरला मी फक्त "हो रे" एवढं लिहिलं. त्यानं विचारलं, सत्काराला येतोयस का. मी लिहिलं सुट्टीचं बघतो. बघणार नाहीये हे त्याला पण कळलं असेल, एप्रिलमध्ये आमचं रिलीज असतं. त्याऐवजी मी काय केलं तर फेटे, नारळ, शाली आणि चारही जणांना मानधन, सगळा खर्च माझ्याकडून असं जाहीर केलं. ग्रुपवर एकदम शांतता आणि मग हात जोडलेले आले, बरेच. "किती केसरी काढले" वाल्यानं सुद्धा जोडले.

रविवारी मास्तरनं वस्तादांच्या घरी जाऊन व्हिडिओ कॉल लावला. वस्ताद खाटेवर, स्वेटर घालून, केवढे बारीक झालेत, कान मात्र तसेच, फुगलेले, दुमडलेले. सत्काराचं त्यांनी एका वाक्यात उडवून लावलं, "आमदार न्हाई आला तर मंडपाचं पैसं कोण द्यायचं?" मग म्हणाले, "पोरगी कुस्ती करती व्हय रं तुजी? दाव." मी मुलीचा ब्लूमिंग्टनच्या राज्य स्पर्धेचा व्हिडिओ लॅपटॉपवर लावून फोन त्याच्यासमोर धरला. ती ज्याला सिंगल लेग म्हणते तो आपला एकेरी पट. एकदा बघितला, परत लाव म्हणाले, परत लावला. "डोस्कं भायेर ऱ्हातंय तिचं. आत घाल म्हणावं, बरगडीला लाव." मुलगी किचनमध्ये सीरियल खात होती, मी ओरडून सांगितलं. ती म्हणाली, "कोच सेज द सेम थिंग, बाबा." वस्तादांना सांगितलं, की हितला वस्ताद पण हेच म्हणतोय. ते म्हणाले, "मग बरा दिसतोय." आणि फोन मास्तरकडं दिला, दमले होते.

काल रात्री ग्रुपवर फ्लेक्सचं डिझाईन आलं. मध्ये आमदार. म्हणजे नेत्यांना फाटा द्यायचा ठराव तिथंच चितपट. वर उजवीकडं सूट-टायमधला मी, लिंक्डइनवरचा फोटो कुणीतरी उचललाय, खाली 'सौजन्य' आणि कंसात शिकागो, अमेरिका. तिन्ही पंच खालच्या पट्टीत, पासपोर्ट साईज. आणि वस्ताद त्यांच्या शेजारी, फेट्यातला जुना फोटो, आडनावात काना राहिलेला.

मी आधी माझा फोटो झूम करून बघितला. चांगला आलाय. मग काना दिसला. मग मी लिहिलं की माझा फोटो काढा, वस्तादांचा मोठा करा, आणि आडनाव नीट करा. इथं रात्रीचे साडेअकरा, तिथं सकाळ झालेली, लगेच रिप्लाय आला.

"दादा, प्रिंटला गेलं. काना पेननं करतो."