यमक, तुक आणि अभंगाची अक्षरे : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर, सादर नमस्कार.

अलंकार आणि वृत्ते यांची तोंडओळख करून देणाऱ्या माझ्या लेखावरची आपली सविस्तर प्रतिक्रिया मी काळजीपूर्वक वाचली. आपण आयुष्यभर हिंदी शिकवली आहे आणि आता इथेच, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरी, नातवाचा अभ्यास घेता आहात; त्यामुळे आपले आक्षेप वरवरचे नाहीत हे मी जाणतो. इतर वाचकांसाठी ते थोडक्यात सांगतो. मी ज्याला यमक म्हटले तो खरे पाहता अन्त्यानुप्रास, म्हणजे साधी तुक, ओळींच्या शेवटी अक्षरांची नुसती जुळणी आहे. ‘सुंदर ते ध्यान’ हा मी छंदाचा नमुना म्हणून दिला, पण त्याच्या चरणांच्या मात्रा (लघू म्हणजे ऱ्हस्व अक्षराची एक, गुरू म्हणजे दीर्घ अक्षराच्या दोन) जुळत नाहीत. आणि ज्या मुलांचे सारे शिक्षण हिंदीत होते त्यांच्यापुढे मराठी संज्ञांचा दुसरा संच ठेवल्याने गोंधळाखेरीज काही साधत नाही. यांतले पहिले दोन आक्षेप हिंदीच्या मापाने बरोबर आहेत, मराठीच्या मापाने नाहीत. तिसऱ्याविषयी मात्र बोलण्यासारखे आहे.

यमकाबद्दल आपण हिंदी कवी बिहारींचा ‘कनक कनक ते सौ गुनी’ हा दोहा पुढे केला आहे. त्यात एक कनक म्हणजे सोने आणि दुसरे म्हणजे धोत्रा. शब्द तोच, अर्थ निराळा, म्हणून यमक. ही व्याख्या निर्विवाद आहे आणि हिंदीने ती थेट संस्कृतातून घेतली आहे. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने काव्यप्रकाशात यमकाची अट घातली ती हीच, की तीच अक्षरे त्याच क्रमाने पुन्हा ऐकू यावीत आणि त्यांना अर्थ असेल तर तो वेगळा असावा. आता मराठी शालेय व्याकरणांतली रूढ व्याख्या पाहा : चरणाच्या शेवटी किंवा ठरावीक ठिकाणी एक किंवा अनेक अक्षरे वेगळ्या अर्थाने आली म्हणजे यमक होते. ‘वेगळ्या अर्थाने’ हे शब्द इथेही आहेतच. मराठीने अट टाकून दिलेली नाही, तिला जागेची आणखी एक अट जोडली आहे. आणि पुढे व्यवहारात ही जागेची अट इतकी वरचढ ठरली की चरणाच्या टोकाला अक्षरे जुळली म्हणजे यमक साधले, असे आपण सर्रास म्हणू लागलो. वामन पंडितांना लोकांनी ‘यमक्या वामन’ हे नाव ठेवले ते चरणांच्या अखेरीस अक्षरे जुळवण्याच्या त्यांच्या सोसामुळे, यावरून ही रूढी किती जुनी आहे ते कळते. मोरोपंतांच्या ‘सुसंगति सदा घडो, सुजनवाक्य कानी पडो’ या ओळीत घडो आणि पडो यांना आपण अन्त्यानुप्रास म्हणाल, आम्ही पुष्पयमक, म्हणजे चरणाच्या शेवटी येणारे यमक, म्हणू, आणि दोघेही आपापल्या शास्त्रात बरोबर असू.

आपल्याला हवा असलेला अर्थ मराठीत कुठे टिकून राहिला आहे, तेही दाखवतो. दामयमकाचे हे नेहमीचे उदाहरण आपणही ऐकले असेल :

‘आला वसंत कविकोकिल हाहि आला,
आलापितो सुचवितो अरुणोदयाला.’

पहिला चरण ‘आला’वर संपतो आणि दुसरा ‘आला’नेच उघडतो. पण पहिला ‘आला’ म्हणजे येऊन पोहोचला, आणि दुसरा हा ‘आलापितो’ या गाण्याच्या क्रियापदाचा तोडलेला तुकडा. हिंदीत आपण याला सभंग यमक म्हणाल, कारण शब्द भंगल्यावाचून दुसरा ‘आला’ हाती लागत नाही. (त्याच्या जोडीदाराचे, म्हणजे शब्द न तोडता साधणाऱ्या अभंग यमकाचे, तुकोबांच्या अभंगाशी काही नाते नाही, हे नातवाला आधीच सांगून ठेवावे, या नावापाशी मुले हटकून अडखळतात.)

आता मात्रांकडे येतो. आपण मोजल्या त्या मात्रा अगदी अचूक आहेत. ‘सुंदर ते ध्यान’ यात नऊ, ‘उभे विटेवरी’ यात नऊ, ‘कर कटावरी’ यात आठ आणि ‘ठेवोनिया’ यात सात मात्रा भरतात, आणि दोहा-चौपाई या मात्रांवर बांधलेल्या हिंदी रचनांच्या मापाने पाहणाऱ्याला ही रचना विस्कळीत वाटणे स्वाभाविक आहे. पण अभंगात मात्रा मोजायच्याच नसतात. अक्षरे मोजून पाहा : सुं, द, र, ते, ध्या, न ही सहा, पुढच्या दोन चरणांतही सहा-सहा, शेवटच्यात चार. ‘विटेवरी’ आणि ‘कटावरी’ हे दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणांचे यमक, आणि मग चार अक्षरांचा तो आखूड, बिनयमकाचा चरण, ज्यावर टाळ थांबतो. लघू अक्षर म्हणताना लांबते, गुरू अक्षर आपल्या जागी राहते, आणि प्रत्येक अक्षराला सारखाच वेळ मिळतो. एवढेच नव्हे, तर अक्षरांच्या बाबतीतही अभंग हटवादी नाही. याच अभंगाच्या पुढच्या कडव्यात ‘तुळसीहार गळा’ यात सात अक्षरे आहेत आणि ‘आवडे निरंतर’ यातही सातच. तरीही पिढ्यान्पिढ्या कोणत्याही भजनी मंडळाचा ताल तिथे चुकलेला नाही.

या घोटाळ्याचे मूळ ‘छंद’ या संज्ञेच्या व्याप्तीत आहे. हिंदीत छंद ही सगळ्या पद्यबंधांवरची छत्री आहे आणि तिच्याखाली वर्णिक (अक्षरांवर बांधलेले), मात्रिक (मात्रांवर बांधलेले) असे भेद येतात. बडोद्यात जन्मलेल्या माधव जूलियनांनी, म्हणजेच माधवराव पटवर्धनांनी, ‘छंदोरचना’ या ग्रंथात (त्याची सुधारलेली आवृत्ती १९३७ ची) मराठी पद्याचे तीन वर्ग मांडले : गणांनी, म्हणजे लघू-गुरूंच्या ठरावीक क्रमाच्या तीन-तीन अक्षरी गटांनी, बांधलेले ते वृत्त, मात्रांनी बांधलेली ती जाती, आणि केवळ अक्षरसंख्येवर चालणारा तो छंद. मोरोपंतांची वर दिलेली ओळ पृथ्वी वृत्तातली आहे. सतरा अक्षरांत ज स ज स य हे गण आणि शेवटी लघू-गुरू असा तिचा बांधा आहे. ओवी आणि अभंग मात्र छंद या वर्गात पडतात. पहिल्या लेखात मी ‘छंद’ हा शब्द याच अर्थाने वापरला होता.

मात्रांचे माप मराठीला परके नाही, हे सांगायला ग्वाल्हेरबाहेर जाण्याचेही कारण नाही. इथले राजकवी भा. रा. तांबे यांची ‘मरणात खरोखर जग जगते’ ही ओळ घ्या. मरणात पाच, खरोखर पाच, जग दोन, जगते चार. एकूण सोळा, म्हणजे ‘मंगल भवन अमंगल हारी’ या चौपाईच्या चरणाइतक्याच. मराठी पुस्तके ही ओळ विरोधाभासाचे उदाहरण म्हणून देतात, कारण मरणात जगणे हे वरकरणी विसंगत आहे. पण ‘जग जगते’ एवढे दोनच शब्द कानाशी धरून पाहा. पहिले ‘जग’ म्हणजे विश्व, दुसरे ‘जग’ म्हणजे जगणे या क्रियापदाचा धातू. आपण म्हणता ते यमक इथे ऐन विरोधाच्या जागी येऊन बसले आहे. विरोधाभास अर्थाने जे सांगतो ते यमक ध्वनीने सांगते, की जग आणि जगणे यांना निराळे काढता येत नाही. नुसते ‘विरोधाभास’ लिहून पुढे गेलेल्या विद्यार्थ्याला गुण मिळतील, पण ही गंमत त्याच्या हातून निसटेल. आणि ती दिसण्यासाठी त्याला मराठी व हिंदी, दोन्ही व्याख्या ठाऊक असाव्या लागतात. आपल्या तिसऱ्या आक्षेपावर माझे उत्तर प्रामुख्याने हेच आहे.

गोंधळ होतो हे खरे, पण तो वाटतो तेवढा मोठा नाही. उपमा, रूपक, उत्प्रेक्षा, श्लेष ही नावे आणि त्यांचे अर्थ दोन्हीकडे एकच आहेत. उत्प्रेक्षेची खूण हिंदीत ‘मानो’, ‘जनु’ आणि मराठीत ‘जणू’, ‘गमे’, ‘भासे’, इतकाच फरक. खरी ठेच लागते ती यमक आणि छंद या दोनच संज्ञांपाशी. हिंदीच्या उत्तरपत्रिकेत ‘घडो, पडो’सारख्या जुळणीला नातवाने निःशंकपणे अन्त्यानुप्रास म्हणावे आणि मराठी कविता वाचताना यमक म्हणावे.

प्रतिक्रियेच्या शेवटी आपण मानवीकरण आणि चेतनगुणोक्ती यांच्यातला भेद विचारला आहे. शालेय पातळीवर भेद नाही. ‘उन्हाळ्यात आमचा कूलर रात्रभर कण्हत असतो’ या वाक्यात निर्जीव वस्तूला माणसाचे वागणे दिले आहे. हिंदीत ते मानवीकरण, मराठीत चेतनगुणोक्ती. ज्या विषयाचा पेपर असेल त्या विषयातले नाव नातवाने लिहावे.