गांडूळ कापून दुप्पट होत नाही

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदारांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘गांडूळखताच्या बेडमध्ये गांडुळं कमी पडली तर खुरप्याने दोन तुकडे करा, दुप्पट होतील. नर-मादी एकाच अंगात असल्याने एक गांडूळही पुरतं. मात्र वेलीच्या मुळाशी टाकू नका, गांडूळ म्हणजे मुळांना गाठी आणणारा सूत्रकृमीच, फक्त मोठा.’ कृपा करून हे ऐकू नका. पहिल्याच सल्ल्याने विकत आणलेलं गांडुळांचं कल्चर मरेल.

बेडमधलं आयसेनिया फेटिडा जातीचं गांडूळ तळहातावर घेऊन बघा. अंगभर शंभराच्या आसपास वळी आणि एका बाजूला फुगीर पट्टा दिसेल. पट्टा ज्या टोकाला जवळ, तिकडे तोंड. ही वळी नुसती वरवरची नाहीत, आतही पडद्यांनी कप्पे पाडलेले असतात. पण सगळे कप्पे सारखे नसतात. तोंडाकडून मोजलं तर मेंदू तिसऱ्या खंडात (म्हणजे कप्प्यात), हृदयाच्या पाच जोड्या सातव्या ते अकराव्यात, वृषणं दहाव्या-अकराव्यात, अंडाशय तेराव्यात. मागे उरतं ते मुख्यतः आतडं. मधोमध कापलं तर पुढचा भाग, जगला तर, शेपूट पुन्हा वाढवतो. मागच्याला डोकं फुटत नाही. कधी कापल्या जागी दुसरी शेपूटच येते आणि तो उपाशी मरतो. पेरिओनिक्स एक्स्कॅव्हेटस या आपल्याकडच्या जातीत डोकंही परत येऊ शकतं, हे खरं. पण त्या भरवशावर बेडमध्ये खुरपं चालवू नये.

सूत्रकृमीचं म्हणाल तर दहावीच्या पुस्तकातही दोघांचे संघ (प्राण्यांचे मोठे गट) वेगळे आहेत: तो गोलकृमी, गांडूळ वलयी. सूत्रकृमीच्या अंगाला खंड नसतात आणि वाढताना तो कात टाकतो. जनुकांवरून 1997 मध्ये आलेल्या मांडणीत तो कीटकांच्या बाजूला गेला, गांडूळ शंख-शिंपल्यांच्या. गांडुळाची खरी सख्खी जळू. मुळांवर गाठी आणणारा सूत्रकृमी तोंडातली सुई मुळात खुपसून रस ओढतो. गांडुळाला सुई नाही की दात नाहीत. ते कुजलेलं खातं. मुळाशी खुशाल टाका.

राहिलं एकट्याचं. दोन्ही इंद्रियं एकाच अंगात असली तरी साधारणपणे दोन गांडुळं उलटसुलट चिकटून एकमेकांना शुक्राणू देतात. मग त्या पट्ट्यातून ज्वारीच्या दाण्याएवढा कोष तयार होतो. ऊब आणि ओल असेल तर तीनेक आठवड्यांत त्यातून बहुधा दोन-तीन पिल्लं निघतात. खत चाळताना हे कोष खतासोबत निघून जातात. तेवढे वेचून नव्या शेणात टाका.