दुधी ऑइलमध्ये रॉकेल ओतायला सांगणाऱ्यांना

‘ऑफरोडवाल्यांनो, मेकॅनिक लुटतो, ऑइल स्वतः ओळखा!’ हा चार मुद्द्यांचा फॉरवर्ड भांडुपच्या भाच्याने मला पाठवला. खाली त्याचा प्रश्न: ‘मामा, हल्ली रॉकेल कुठे मिळतं?’ म्हणून हा खटाटोप.

आधी तिसरा मुद्दा, कारण इंजिन त्यानेच बसणार आहे. म्हणे, ओढ्यातून गाडी काढल्यावर ऑइल दुधी, म्हणजे दुधासारखं पांढरट झालं तर अर्धा लीटर रॉकेल ओता, दहा मिनिटं आयडलवर ठेवा, ओल उडते. अहो, कशी उडेल? तेवढ्यात सम्पमधलं (इंजिनच्या तळाच्या टाकीतलं) ऑइल पाणी उकळण्याइतकं तापतच नाही. पाणी मिसळून आधीच निकामी झालेलं ऑइल रॉकेलने आणखी पातळ होतं आणि क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) बेअरिंगवर धातूला धातू घासतो. गाडी सुरूच करू नका. कूलंटची बाटली बघा. पातळी उतरलीय आणि बाहेर गळती नाही, तर संशय हेड गॅस्केटवर (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांमधल्या सीलवर) किंवा ऑइल कूलरवर. पातळी जागेवर असेल तर पाणी बहुधा बाहेरून आलंय. एअर फिल्टरचा डबा उघडा. आत ओल असली तर स्टार्टरला हात लावू नका. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. खात्रीच करायची तर डिपस्टिकवरचा (ऑइल मोजायच्या पट्टीवरचा) एक थेंब कडक तापलेल्या जुन्या तव्यावर टाका, तोंड लांब ठेवून. तडतडला की पाणी आहे. गाडी टो करा.

त्याच मुद्द्यातलं ‘दुधी म्हणजे गॅस्केट गेलंच असं नाही’ एवढं मात्र नाइलाजाने मान्य. जुलै-ऑगस्टात गाडी घर ते स्टेशन एवढीच फिरली तर ऑइलच्या झाकणाखाली पिवळट साय धरते. ती इंजिन पुरतं न तापल्याने आत साचलेल्या वाफेची. डिपस्टिक स्वच्छ आणि कूलंट जागेवर असेल तर ठाण्यापलीकडे तासभर पळवून आणा.

‘पातळी वाढली म्हणजे इंजिन ठणठणीत’ लिहिणाऱ्याला दंडवत. ऑइल आपोआप वाढत नाही. पाणी नसेल तर इंधन मिसळतंय: बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफची (धुरातली काजळी पकडणाऱ्या फिल्टरची) सफाई वारंवार अर्धवट राहिली की डिझेल सम्पमध्ये उतरतं. डिपस्टिकवरच्या मॅक्स खुणेच्या वर गेलं की बदला.

काळं ऑइल खराबच? डिझेल इंजिनात काजळीमुळे ते लवकर काळं होणारच.

राहिलं ‘ऑफरोडला जाडच ऑइल’. एसएई जे३०० या मानकात १०० अंशांना ३० ग्रेडचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (घट्टपणाचं एकक), ५० चं १६.३ पासून पुढे. मॅन्युअलमध्ये ३० असताना ५० ओतलं की साधारण दीड-दोनपट घट्ट. थंड इंजिनात ते वर पोचायला उशीर लावतं, आणि झीज जास्त होते ती नेमकी तेव्हाच.