तांडेलाचं उदाहरण तुमचंच घेतो

काका, तुमची प्रतिक्रिया मोठी आहे त्यामुळे उत्तरही लांबणार, चहा घेऊन बसा. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो: पालिका-झेडपीत प्रशासक नको, निवडून आलेली माणसं हवीत असं मी मागे लिहिलं होतं, त्यावर काकांचं म्हणणं की होडीचा तांडेल खलाशांनी मतं टाकून ठरत नाही, ज्याला समुद्र कळतो तोच सुकाणू धरतो, मग सरकार काय अडाण्यांच्या हातात द्यायचं? सिंगापूर बघा, तिथं जाणकारांनी राज्य चालवलं. आणि शेवटी, 'एन्रॉन विसरलात का?'

नाही विसरलो, गुहागर काय लांब आहे? तिथं पुढाऱ्यांनी घोळ घातला हे तुमचं बरोबरच आहे. 1993 लाच वर्ल्ड बँकेने सांगितलं होतं की एन्रॉन कंपनीचा हा दाभोळचा वीज प्रकल्प परवडणारा नाही, तरी सरकारने रेटला. मग एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू म्हणत शिवसेना-भाजप युतीवाले निवडून आले, 1995 ला करार रद्द केला आणि थोड्याच महिन्यांत परत त्याच कंपनीशी बोलणी करून तोच प्रकल्प वर काढला. 2001 ला वीज मंडळाने वीज घेणंच बंद केलं. पण काका, तो करार सुरुवातीला लोकांना बघायलाच मिळत नव्हता हेही आठवा. जाणकाराचं मत दाबून ठेवता आलं ते त्यामुळे.

आता तांडेल. तांडेलाने जाळं कुठे टाकायचं ते ठरवावं, मी कशाला मध्ये बोलू. पण मासळीचा वाटा कोणाला किती हे पण तोच एकटा ठरवतो का? आणि तांडेल पटला नाही तर पुढच्या सीझनला खलाशी दुसऱ्या होडीवर जातात ना? प्रशासकाला सोडून मी कुठल्या होडीवर जाऊ?

पर्ससीनचंच घ्या, म्हणजे बोटीवरून माशांच्या थव्याभोवती टाकून अख्खा थवा ओढणारं मोठं जाळं. मासे कमी होतायत, पिल्लं मारू नका, हे शास्त्रज्ञ सांगू शकतात आणि त्यांचं ऐकलंच पाहिजे. तज्ज्ञ समितीच्या अहवालावरून 2016 च्या फेब्रुवारीत सरकारने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने ठेवले. पण जाळी कमी करायची ती कोणाची, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मालवणच्या रापणवाल्याची की कर्ज काढून पर्ससीन बोट बांधलेल्या माणसाची, आणि त्याच्या कर्जाचं काय, हे कुठल्या विद्यापीठात शिकवतात? तिथं कोणाच्या तरी पोटावर पाय येणार. तो पाय देणारा माणूस उद्या मतं मागायला परत आमच्या बंदरात आला पाहिजे एवढंच माझं म्हणणं आहे. (नियम मोडणारी बोट पकडायची कोणी हा वेगळा शिमगा, त्यावर नंतर लिहीन.)

तुम्ही म्हणता प्रशासक होते तेव्हा कामं पटापट झाली. झाली असतील काही. 2022 च्या आसपास मुदती संपल्या आणि नंतर काही वर्षं निवडणुकाच नाहीत, झेडपीत सीईओ साहेबच प्रशासक, पालिकेत बहुतेक ठिकाणी मुख्याधिकारी. म्हणजे प्रस्ताव मांडणारा तोच, सभेचा ठराव करणारा तोच, आणि अंमलबजावणीही त्याचीच. विरोधच नाही म्हटल्यावर फाईल पळणारच हो! पण नळाला पाणी नाही म्हणून रात्री कोणाला फोन लावायचा? नगरसेवक चोर असला तरी त्याचं घर माहीत असतं, त्याच्या दारात जाऊन शिव्या घालता येतात. साहेबांची बदली झाली की विषय संपला.

आणि तज्ज्ञ विरुद्ध पुढारी अशी कुस्ती लावायची गरजच काय? कोकण रेल्वे श्रीधरन साहेबांनी बांधली, बोगदे-पूल बघून अजून छाती दडपते, मान्य. पण ती हवीच म्हणून वर्षानुवर्षं मागे लागले ते राजापूरचे खासदार मधु दंडवते, ते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना 1990 ला कॉर्पोरेशन झालं, 1998 ला गाडी पूर्ण मार्गावर धावली. (श्रीधरन साहेब 2021 ला केरळात आमदारकीला उभे राहिले आणि पडले. त्याने त्यांचे पूल काही कमी मजबूत होत नाहीत.) रिझर्व्ह बँकेतसुद्धा महागाई 4 टक्क्यांच्या आसपास ठेवा हे सरकार ठरवतं, त्यासाठी रेपो रेट (रिझर्व्ह बँक बाकीच्या बँकांना कर्ज देते तो व्याजदर) किती ठेवायचा ते सहा जणांची समिती. असं कामाचं वाटप मला कधीही चालेल.

पश्चिम घाट वाचवायला नेमलेल्या गाडगीळ समितीची तर गंमतच आहे. 2011 चा अहवाल, सगळे तज्ज्ञ, आणि तेच सांगतायत की हे ग्रामसभांपुढे न्या, लोकांना विचारून ठरवा. अहवाल बाहेर यायलाच पुढचं वर्ष उजाडलं, आणि आमच्याकडे बोंब काय, तर तज्ज्ञ येऊन घराची कौलंसुद्धा बदलू देणार नाहीत! किती जणांनी वाचला होता देव जाणे.

राहिलं तुमचं सिंगापूर. ली कुआन यू वकील होते आणि 1959 ला निवडणूक जिंकून पंतप्रधान झाले. तिथल्या विरोधकांचे काय हाल केले ते वेगळं, पण तुमच्या बाजूचं उदाहरण म्हणून ते चालत नाही काका, दुसरं शोधा.