‘एक श्रोता’ यांना, पट्टीविषयी

नमस्कार.

‘गळा सगळ्यांना असतो’ या माझ्या मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचून आधी राग आला. मग त्यातलं बरंचसं खरं आहे हे लक्षात आलं आणि राग वाढला. चार ओळींत उत्तर देऊन सुटका करून घेता आली असती, पण तुम्ही मनापासून लिहिलंय, तेव्हा मीही तसंच लिहिते.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी: १२ जानेवारीला, सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी, आमच्या रविवारच्या गाण्याच्या गटाचा शहराच्या पूर्व भागात छोटा कार्यक्रम झाला. तुम्ही तो शेवटपर्यंत ऐकलात. तुमचं म्हणणं असं की अंतऱ्यात, म्हणजे कडव्यात, निम्मा गट गप्प होता आणि उरलेला ओरडत होता. मागच्या रांगेतले एक गृहस्थ तर चक्क दुसऱ्याच पट्टीत होते. मध्येच तेलुगू कडवं आलं, ते कशाला? चाचणी न घेता येईल त्याला घेणं म्हणजे दर्जाला सुट्टी देणं. शिवाय ‘सगळ्यांसाठी’ म्हणवणारा आमचा सराव पहिल्या मजल्यावर भरतो, तिथे सगळे चढतात का? आणि शेवटी तुम्ही लिहिलंत, “मला स्वतःला सूर नाही. म्हणून मी गप्प बसून ऐकतो. एवढा प्रामाणिकपणा इतरांनीही दाखवावा.”

जिन्यापासून सुरुवात करते, कारण तिथे मला बचाव नाही. बावीस पायऱ्या आहेत आणि कठडा एकाच बाजूला. कुबड्या घेऊन येणारा एक मुलगा दोन रविवार आला, तिसऱ्या रविवारी आला नाही. आम्ही आपसांत म्हणालो, आवड कमी झाली असेल. आवड नव्हती कमी झाली, हे विचारल्यावर कळलं. विचारायला मला दीड महिना लागला. मध्यंतरी तळमजल्यावरची एक जागा मिळाली होती, पण भिंतीपलीकडे यंत्रमाग. आमचा भजनी ठेका आणि मागांचा खटखटाट यांची जी जुगलबंदी झाली तिच्यात माग जिंकले. अजून जागा शोधतोय. तोवर ‘सगळ्यांसाठी’ हा शब्द मी लेखाच्या मथळ्याखालून काढून टाकला आहे, बघितलं असेल तुम्ही.

आता ते मागच्या रांगेतले गृहस्थ. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, आणि हे त्यांना विचारूनच लिहिते आहे. अण्णांनी बत्तीस वर्षं मागावर काढली. शेडमधला आवाज किती असतो ते तुम्हाला सांगायला नको, सोलापूरकर आहात. तिथे शेजारच्याशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. अशा आवाजानं कान जातात तेव्हा सगळे सूर एकदम जात नाहीत. आधी चार हजार हर्ट्झच्या आसपासचं, म्हणजे बरंच वरचं ऐकू येणं कमी होतं. माणसाला आवाज येतो, पण शब्द उमगत नाही, कारण स, फ, थ, ख ही सगळी मंडळी त्या वरच्या भागात राहतात. त्यामुळे अण्णांना चाल कळते, शब्द मात्र शेजाऱ्याचे ओठ बघून उचलावे लागतात आणि ओळीला ते निमिषभर उशिरा येतात.

पुढे त्यांनी कानाला मशीन घेतलं, तर वेगळीच गंमत. म्हणाले, “मॅडम, पेटी रडल्यागत ऐकू यायलीय ओ.” मला वाटलं, म्हातारपणाचा विनोद. मग कळलं की ही मशीन्स बोलणं ऐकण्यासाठी बनवलेली असतात. मशीनची स्वतःची शीळ वाजू नये म्हणून आत एक बंदोबस्त असतो, आणि पेटीचा लांब धरलेला सूर त्या बंदोबस्ताला शीळच वाटतो. मशीन तो सूर दाबायला जातं आणि अण्णांच्या कानात सा थरथरतो. ज्याला सा-च हलता ऐकू येतो त्यानं त्यावर काय उभं करायचं? ज्यांच्याकडून मशीन घेतलं त्यांनी गाण्यासाठी वेगळं सेटिंग करून दिलं, दहा मिनिटांचं काम. तेव्हापासून सरावात अण्णा बऱ्यापैकी सुरात असतात.

मग १२ तारखेला काय झालं? तर मी त्यांना स्टेजच्या उजव्या टोकाला बसवलं. त्यांचा बरा कान उजवा. म्हणजे बरा कान रस्त्याकडे आणि पेटी बहिऱ्या कानाकडे. सरावात ते नेहमी डाव्या टोकाला बसतात. उंचीप्रमाणे रांग छान दिसावी म्हणून मी त्यांना हलवलं. तुम्ही ऐकलेली दुसरी पट्टी माझ्या त्या ‘छान दिसावी’ची होती.

निम्मा गट गप्प का होता, त्याचं कारणही असंच, नजरेसमोर असून न दिसलेलं. पेटी काळी तीनला होती, म्हणजे सा तिसऱ्या काळ्या पट्टीवर धरला होता. पेटीला हात लावलेल्यांना लगेच कळेल, पण बाकीच्यांसाठी सांगते. साधारणपणे पुरुषांना काळी एक-दोन सोयीची पडते, बायकांना काळी चार-पाच. दोघांना एकत्र गायला लावायचं म्हणून मधली काळी तीन धरायची, हा शाळाशाळांतून चालत आलेला तोडगा आहे. त्यात न्याय दिसतो, पण गळ्याला तो मानवत नाही. अंतरा तार गंधाराकडे, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ग-कडे, निघाला की पुरुष टाचा वर करून ओरडतात आणि ओळ मंद्र पंचमाकडे, खालच्या सप्तकातल्या प-कडे, उतरली की बायकांच्या तोंडून नुसती हवा येते. राष्ट्रगीताचंच बघा. मधल्या सा-पासून निघून शेवटी सलग येणाऱ्या ‘जय हे’पैकी पहिल्याला ते तार सा-ला पोचतं, पूर्ण सप्तक. शाळेच्या मैदानावर कुणी उत्साही मुलगी ते चढ्या पट्टीत सुरू करते आणि ‘जय हे’ आलं की अर्धं मैदान शांत. त्या पाचशे मुलांना सूर नसतो असं थोडंच आहे?

जन्मतःच सुरांतला फरक कळत नाही अशी माणसं असतात, नाही असं नाही. पण आजवरचे अभ्यास ती शंभरात चार-पाचाच्या वर सांगत नाहीत, अलीकडचे तर त्याहून कमी. आपल्याकडे घरटी दोन माणसं “मला गळा नाही” म्हणतात. बाकीची कुठून आली?

पट्टीचं हे दुखणं फक्त आमच्यासारख्या हौशी लोकांचं आहे असंही समजू नका. पंडित जसराजांनी जसरंगी म्हणून जी जुगलबंदी घडवली, तिच्यात बाई आणि पुरुष आपापल्या पट्टीत गातात, राग देखील वेगवेगळे. कुणी कुणाच्या पट्टीत ओढून नेलेलं नाही. तिथे दर्जा घसरला असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. आमची ऐपत तेवढी नाही. आम्ही फक्त वाटणी केली आहे: ध्रुपद, म्हणजे परत परत येणारी ओळ, सगळ्यांनी, वर जाणारी ओळ वरच्या गळ्यांनी, उतरणारी खालच्यांनी. आणि ही वाटणी बाई-पुरुष अशी नाही. आयुष्यभर बिडी वळलेल्या दोन मावश्या खर्जवाल्यांत, म्हणजे खालच्या सुरांत गाणाऱ्यांत, बसतात. वयानं बायकांचा आवाज खाली येतो, त्यात तंबाखूची धूळ. त्यातली एक पहिल्याच दिवशी म्हणाली होती, “गाणं वर चाललंय आणि माझा गळा खालीच राहिलाय की.” इतकं अचूक निदान मला सव्वीस वर्षं संगीतशिक्षिका असून करता आलं नव्हतं.

ज्याला एखादी ओळ झेपतच नाही तो त्या ओळीपुरता सा धरून उभा राहतो. यावर तुम्ही म्हणाल, एका सुराला गाणं म्हणायचं का? शाहिराच्या मागे उभा असलेला तुणतुणेवाला आठवा. एक तार, रात्रभर तोच सूर. आणि ‘जी जी रं जी’ म्हणणारे झीलकरी, त्यांच्या वाट्याला पोवाड्यातली किती ओळ येते? पण त्यांची झील काढून घ्या आणि शाहिराला एकट्याला दम पुरतो का बघा. वारीतल्या दिंडीत तर कुणी चाचणी घेऊन टाळकऱ्यांत उभं करत नाही. पाय आणि टाळ जुळला की पुरे, गळा हळूहळू मागून येतो.

बाकीच्या दुरुस्त्या किरकोळ वाटतील अशा आहेत. शब्दांचे कागद मोठ्या टायपात, एका पानावर एकच गाणं, म्हणजे पान उलटण्याची सळसळ नाही. आमच्यात एक मुलगी पूर्ण अंध आहे. मी हातानं इशारा करून गाणं उचलायला सांगायचे आणि ती दर वेळी एक मात्रा मागे. तिनंच सुचवलं, “मॅडम, श्वास जोरात घ्या ना.” आता मी ऐकू जाईल असा श्वास घेते, सम, म्हणजे ठेक्याची पहिली मात्रा, कुठे ते तिला कळतं आणि गंमत म्हणजे डोळस मंडळीही पूर्वीपेक्षा एकत्र उचलतात, कारण त्यांचे डोळे एरवी कागदात असायचे. वेळही बदलली. चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात रविवारची वेळ घड्याळावर ठरत नाही. पाणी आलं की बायका हंडे सोडून येणार नाहीत, आणि का याव्यात? तेव्हा सकाळी ग्रुपवर पाण्याचा निरोप बघून सराव पुढेमागे करतो.

तेलुगू कडव्याचं म्हणाल तर ते माझ्या हट्टानं आलं. आमच्यातल्या चौघीजणींना देवनागरी सफाईनं वाचता येत नाही, तेलुगू येतं. त्यांना मराठी गाणी तेलुगू लिपीत उतरवून दिली आहेत, आणि त्यांचा ‘ळ’ कधी चुकत नाही, कारण तो त्यांच्याकडेही आहे. त्या दर आठवड्याला आमची गाणी गातात, तर वर्षातून एक कडवं त्यांचं आम्ही गायलं. ज्या चौघांच्या स्मरणाचा तो कार्यक्रम होता त्यांची नावं एकदा सलग म्हणून बघा: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. १९३१ साली येरवड्यात फासावर जाताना त्यांना एका भाषेची अट नव्हती. आमचे तेलुगू उच्चार मात्र वाईट होते, हे कबूल. तुमच्या शेजारी बसलेल्या बाई हसत होत्या असं तुम्ही लिहिलंय, त्या बरोबरच हसत होत्या.

दर्जाचा मुद्दा मी टाळत नाही. तिकीट लावून बसवलेल्या श्रोत्याला चोख गाणं मिळालं पाहिजे, तिथे निवड हवीच. आमच्या कार्यक्रमाला तिकीट नव्हतं, पण माइक होता आणि समोर खुर्च्या मांडल्या होत्या. खुर्च्या मांडल्या की माणूस श्रोता होतो आणि श्रोता हिशेब मागणारच. तुमची तक्रार मला तिथे सर्वांत जास्त पटली. पुढच्या वेळी खुर्च्या गोल मांडणार आहे आणि ध्रुपदाचे कागद समोरच्यांनाही देणार आहे.

राहिलं तुमचं शेवटचं वाक्य.

शाळेत शिकवत असताना मी आंतरशालेय स्पर्धेसाठी समूहगीत बसवत होते. गटात आठवीतला एक मुलगा होता, त्या महिन्यातच आवाज फुटायला लागलेला. मुलांचा आवाज त्या वयात जवळजवळ सप्तकभर खाली येतो, हे मी परीक्षेत लिहून पास झालेली बाई. आदल्या दिवशी मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, “तू उभा राहा, पण नुसते ओठ हलव.” त्यानं मान हलवली. आम्हाला ढाल मिळाली. नंतर वर्षभर सकाळच्या प्रार्थनेला आणि राष्ट्रगीतालाही तो नुसते ओठ हलवायचा. मी समोर पेटीवर असायचे, मला दिसायचं. मी काही बोलले नाही. ढाल मुख्याध्यापकांच्या खोलीत काचेच्या कपाटात होती.

तुम्हाला सूर नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं, तेव्हा तुमचं वय काय होतं आणि पेटी कुठल्या पट्टीत होती, एवढंच मला विचारायचं आहे. उत्तर इथे लिहायला नको. दीड तासाच्या कार्यक्रमात अण्णांची पट्टी वेगळी आहे हे तुमच्या कानानं पकडलं, तेही मागच्या रांगेतून, बारा जणांच्या गलक्यात. ज्याला सूर नाही त्याला हे कळत नाही.

खर्जाला आमच्याकडे माणसं कमी आहेत. बावीस पायऱ्या चढवत असतील तर या, नसतील तर खालून हाक मारा, पेटी घेऊन आम्ही खाली ओट्यावर बसू. रविवारी साडेचारला. पाणी आलं तर साडेपाचला.